पूर्वेला जायचं म्हणून पश्चिमेला

दिवाळी आटोपली, तूर फुलावर आली, पहिल्या वेचणीचा कापूस मधल्या खोलीत छताला टेकला आणि त्याच आठवड्यात मुलीनं तिकिटं पाठवली. नागपूर ते दोहा, दोहा ते ऑकलंड. मुलगी आणि जावई न्यूझीलंडात हॅमिल्टनजवळ राहतात. आम्ही दोघं त्याआधी कधी विमानात बसलो नव्हतो. ‘एकदाच विमान बदलायचं, बाबा. मुंबई-दिल्लीत बॅगा घेऊन या टर्मिनलवरून त्या टर्मिनलवर फिरायला नको,’ असं तिचं म्हणणं.

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हाती असं तिकीट पडलं की तो आधी बॅग काढत नाही, पृथ्वीगोल काढतो. माझा गोल शाळेनं निर्लेखित केलेला आहे. अंटार्क्टिकाला पोचा आलाय आणि सोव्हिएत युनियन त्यावर अजून अख्खं आहे. पण अंतर मोजायला देश कशाला लागतात? सौ.नं वातींसाठी टकळीवर काढून ठेवलेलं सूत घेतलं. गोलाचा घेर भरला चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे माझ्या गोलावर एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर.

नागपूरवर बोट दाबून सूत थेट ऑकलंडपर्यंत ताणलं. अठ्ठावीस सेंटिमीटर, म्हणजे ११,९०० किलोमीटर. मग तिकिटाप्रमाणे ताणलं. नागपूर ते दोहा पावणेसात सेंटिमीटर, २,८४० किलोमीटर. दोहा ते ऑकलंड चौतीस सेंटिमीटर, १४,५३५ किलोमीटर. बेरीज १७,३७५. साडेपाच हजार किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम, तोही पैसे मोजून.

सूत खळीनं चिकटवत असताना शेजारचे आबाजी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी गोल बराच वेळ न्याहाळला.

‘गुरुजी, पोरगी पूर्वेले अन् तुमी जाता पश्चिमेले? तिकीट उलटं त नाई काढलं कोनं?’

‘उलटं नाही आबाजी. आधी दोहाला जायचं, तिथून दुसरं विमान.’

‘मंग थे दुसरं इमान वापस आपल्याच डोक्यावरून जाईन म्हना की!’

मी हसलो, पण सुताकडे पाहिलं आणि हसू थांबलं. दोह्याहून निघालेलं सूत अरबी समुद्र ओलांडून कोचीवरून केरळात शिरत होतं आणि श्रीलंकेवरून हिंदी महासागरात उतरत होतं. डोक्यावरून नसलं तरी पायाखालून जात होतं. एकतीस वर्षं भूगोल शिकवून हे मला आबाजींनी दाखवावं!

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, वर्धा नदीजवळचं. पलीकडच्या काठाला रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर. तिथली पालखी दर आषाढीला पायी पंढरपूरला जाते. माझे आजोबा बारा वेळा गेले. सरळ रेषेत मोजलं तर ते साडेचारशे किलोमीटर भरतं, पण आजोबांनी कधी कोस सांगितले नाहीत. ‘पेरनी करून निंगाचं अन् डवरनीले वापस याचं’ एवढाच हिशेब. गावात अजूनही नागपूर किती दूर विचारलं तर लोक गाडीची वेळ सांगतात. किलोमीटर हे पेट्रोल टाकणाऱ्याला लागतात.

सोमवार

संध्याकाळी सातला भाच्याच्या गाडीनं निघालो. अंगणात पंधरा-वीस माणसं. कुणी नारळ दिला, कुणी विमानात चक्कर येते म्हणून लिंबू. सौ.नं किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली. रोज तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावायचा आणि मांजराला दूध घालायचं, या दोन कामांची चार वेळा उजळणी झाली.

आर्वी, तळेगाव, मग राष्ट्रीय महामार्ग. कारंजा घाडगे, कोंढाळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा अंधारात असतात हे फक्त वासावरून कळतं. कोंढाळीला चहा घेतला. भाचा म्हणाला, ‘मामा, इथून नागपूर एक घंटा. तिथून पुढं किती घंटे?’ मी हिशेब सांगितला. नागपूर ते दोहा साडेचार तास. दोहात वीस तास बसायचं, कारण स्वस्त तिकीट. मग सोळा तास. चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच राहिला. ‘सोया घंटे खाली न उतरता?’

त्याचं आश्चर्य खरं होतं. दोहा-ऑकलंड ही थेट सेवा २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, करोनाच्या काळात तुटली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये परत जोडली गेली. जगातल्या सर्वांत लांब विमानफेऱ्यांत ती मोडते. हिच्याहून लांब सिंगापूर-न्यूयॉर्क, साडेपंधरा हजारांच्या थोडं अलीकडे आणि अठरा तासांच्या वर. गोल पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये जास्तीत जास्त वीस हजार किलोमीटर अंतर असू शकतं. त्यापुढे गेलात की जवळ यायला लागता. तेव्हा चौदा-पंधरा हजार म्हणजे पृथ्वीनं देऊ केलेल्या अंतराचा बारा आण्यांच्या जवळ गेलेला भाग.

अकराच्या सुमाराला सोनेगाव विमानतळ आला.

मंगळवार

मध्यरात्री एक ते साडेतीन आम्ही खुर्च्यांवर बसून होतो. सौ. पेंगत होती. मला झोप येईना, कारण हीच जागा आणि हीच वेळ. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात उतरत. इथे पोती अदलाबदल होत आणि जो तो आपल्या गावची पत्रं घेऊन पहाटेच्या आत परत फिरे. नागपूरच का, तर चौघांनाही मधलं पडतं म्हणून. अंतर कसं वापरावं याचं इतकं सोपं उदाहरण मी वर्गात कधी दिलं नाही, कारण मला ते निवृत्तीनंतर कळलं.

विमानात बहुतेक कामगार मंडळी. आमच्या शेजारी उमरखेडकडचा एक मुलगा होता, दोहात एसीची कामं करणारा. आमची हातातली पिशवी त्यानं वर ठेवायला उचलली आणि म्हणाला, ‘साडेआठ किलो हाये काकू. काट्यावर नाई टाकली वाटते कोनं.’ सात किलोची मर्यादा होती. मी चकित झालो तर म्हणाला, ‘सहा वर्सं झाले. घरून निंगताना आई जे भरते ना, हातानंच वजन समजते.’ दोन वर्षांतून एकदा त्याला सुट्टी. दोहा किती दूर आहे असं त्याला विचारलं असतं तर त्यानं चार तास सांगितले नसते, म्हणून विचारलं नाही.

चाकं सुटली तेव्हा सौ.नं माझा दंड असा पकडला की बांगड्यांची नक्षी दुपारपर्यंत होती.

खुर्चीच्या पाठीवर पडदा होता आणि पडद्यावर नकाशा. माझी तर सोयच झाली. उंची ३६,००० फूट, बाहेर उणे चोपन्न अंश, वेग ताशी साडेआठशे. एक गोष्ट त्यावर पाहिली आणि मुलांना शिकवायची राहून गेली याची हळहळ वाटली. विमानवाले अंतर नॉटिकल मैलात मोजतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, १,८५२ मीटर. साठ मैल सरळ उत्तरेला गेलं की एक अंश. म्हणजे मोजपट्टी पृथ्वीवरच कोरलेली आहे, आणि आम्ही पोरांकडून १ अंश बरोबर १११ किलोमीटर घोकून घेत होतो.

दोहात उतरलो तेव्हा तिथे सकाळचे पावणेसहा. आपल्याकडे सव्वाआठ. अडीच तास फुकट मिळाले आणि त्यांचं काय करावं हे कळेना, कारण अजून वीस तास शिल्लक होते.

हमाद विमानतळाबद्दल लोक फार लिहितात. माझं मत असं की आर्वीच्या बाजारापेक्षा मोठा आहे आणि बसायला जागाही आहे, पण पाठ टेकायला नाही. मधोमध एक भलंमोठं पिवळं अस्वल बसलंय. उंची दोन मजल्यांची, आणि त्याच्या डोक्यातून दिवा बाहेर आलाय. स्वित्झर्लंडच्या उर्स फिशर या शिल्पकाराचं काम. सौ. त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. ‘एवढे पैसे खर्चून भालूच का?’ मी म्हणालो, कला आहे. ‘कला असन. पन पोरं भेतीन ना.’ इमारतीच्या आतच एक रेल्वे धावते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिकीट नाही म्हटल्यावर आम्ही तिच्यातून चार फेऱ्या मारल्या. काचेच्या छताखाली एक बाग केलीय. वाळवंटात, वातानुकूलित. झाडं खरी आहेत, सौ.नं पान खुडून पाहिलं.

दुपारी बागेच्या कडेला भाकरी, तिळाची चटणी आणि कांदा सोडला. कांद्याच्या वासानं शेजारचा माणूस वळला. मला वाटलं उठून जाणार. तो निझामाबादचा निघाला आणि अर्धी भाकर घेऊन गेला.

संध्याकाळनंतरचं काही लिहिण्यासारखं नाही. पाय सुजले एवढंच.

बुधवार

रात्री दोनला दुसरं विमान सुटलं. आता खिडकी माझ्याकडे. मी घड्याळ मुद्दाम आपल्याच वेळेवर ठेवलं होतं, पहाटेचे साडेचार.

जेवण झालं, दिवे मालवले गेले, खिडक्या बंद करायला सांगितल्या. आजूबाजूला लोक पांघरुणात गुरफटून झोपले. मी पडद्यावरच्या चिमुकल्या विमानाकडे पाहत बसलो. ओमानचा किनारा सुटला. अरबी समुद्र. पाच, सहा, सात. सौ. झोपेत म्हणाली, ‘झोपा ना आता.’

माझ्या सुताप्रमाणे कोची तीन हजार शंभर किलोमीटरवर यायला हवं होतं, म्हणजे सुमारे साडेतीन तासांनी. हवेतले रस्ते काही सुतासारखे ताणलेले नसतात. त्या-त्या दिवसाचा वारा, कुठे वादळ, कुठलं आकाश मोकळं आणि कुठलं बंद हे पाहून रोज वेगळा मार्ग आखतात. त्यामुळे कदाचित मालदीवकडून वळवतील अशी धाकधूक होती. विमान दक्षिणेला वळायला लागलं की माझ्या पोटात गोळा यायचा, सरळ झालं की जायचा. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा क्रिकेट बघतोय असंच वाटलं असतं.

आठला दहा कमी असताना पडद्यावर मलबारचा किनारा आला. मी खिडकीचं झाकण दोन बोटं वर केलं. उजेडाचा पट्टा आत घुसला आणि पुढच्या रांगेतला गोरा माणूस काहीतरी पुटपुटला. पुटपुटू दे. खाली आधी ढग. मग ढगांना भोक पडलं आणि हिरव्यावर हिरवं, मधून चकाकणाऱ्या पाण्याच्या पट्ट्या, आणि पुढे घाटाच्या काळसर घड्या. दोन-तीन मिनिटं असतील. मग परत ढग.

‘अवं, ऊठ. भारत आला.’

ती दचकून उठली. ‘आपन वापस आलो का?’

घर सोडून सदतीस तास झाले होते, आणि आम्ही घरापासून साडेबाराशे किलोमीटरवर होतो. एवढ्या वेळात नागपूरहून केरळ एक्स्प्रेसनं निघालेला माणूस एर्नाकुलमला उतरून, आंघोळ करून, इडली खाऊन बसला असता. खाली सकाळचे आठ. आमच्या शेतात वेचणीच्या बाया ओट्या बांधून तासाला लागल्या असतील. दव उतरेस्तोवर कापूस वेचू नका, वजनात ओल धरतो, हे मी निघताना सांगायला विसरलो होतो. आत्ता आठवलं, छत्तीस हजार फुटांवर.

श्रीलंका ढगातच गेली. मग नुसतं पाणी. साडेपाच तासांच्या उड्डाणानंतर, पाच हजार किलोमीटरवर विषुववृत्त आलं. मी सौ.ला म्हणालो, बघ, आता आपण दक्षिण गोलार्धात. तिनं खिडकीतून पाहिलं. ‘रेघ कोठी हाये?’ चौथीतली मुलं हाच प्रश्न विचारायची आणि मी त्यांना गप्प बसवायचो. तिला नाही बसवता आलं.

त्यानंतरचे तास लांब होते. विमानात माणसाला अंतर कळतच नाही. गाडीत बसलं की रस्त्याकडेची झाडं मागे जातात, गावं येतात, भूक लागण्याचीसुद्धा ठिकाणं ठरलेली असतात. इथे नुसता आकडा. उरलेले ८,२०० किलोमीटर. डुलकी लागली, उठलो, उरलेले ७,६००. मी मध्ये चार वेळा मागे जाऊन उभा राहिलो. तिथली हवाईसुंदरी दर वेळी पाणी द्यायची. पाचव्यांदा मीच लाजून गेलो नाही.

ऑस्ट्रेलिया मात्र पाहण्यासारखा होता, आणि तोही मावळतीच्या उजेडात. वायव्य किनाऱ्यावरून आत शिरलो तेव्हा जमीन तांबडी, आपल्या विटांच्या भट्टीसारखी. तिच्यावर रस्ता नाही, नदीची ओल नाही, एक शेत नाही. अंधार पडेपर्यंत तेच आणि अंधारात दिवा नाही. विदर्भात कुठेही रात्री वर गेलात तरी चार दिवे दिसतीलच. इथे दोन तासांत मला एकही दिसला नाही. पडद्यावर वेग बघितला तर ताशी १,०४०. विमानानं काही जोर लावला नव्हता, पाठीमागून वारा लागला होता. दोन्ही गोलार्धांत एवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांच्यात शिरलं की विमान नावेसारखं पुढे ढकललं जातं.

ह्याचा हिशेब मी निघण्याआधी वाचला होता. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला सूत ताणलं तर ते उत्तर ध्रुवाजवळून जातं. एअर इंडियानं २०१६ च्या ऑक्टोबरात ते विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. मार्ग १५,३०० किलोमीटरचा झाला, पहिल्यापेक्षा चौदाशेनं लांब, आणि तरी वेळ सुमारे दोन तासांनी कमी. लांबचा रस्ता लवकर पोचवतो. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की लोक पांदण सोडून डांबरी रस्त्यानं चार किलोमीटर वळसा घेतात, तसंच हे. फक्त इथे पूर उपयोगी पडतो.

सिडनीचे दिवे डाव्या बाजूला होते आणि मी उजवीकडे बसलो होतो.

गुरुवार, नाहीतर बुधवारच

ऑकलंडला उतरलो तेव्हा तिथे गुरुवारची पहाट, चार वाजलेले. माझ्या घड्याळात बुधवारची रात्र, साडेआठ. नोव्हेंबरात न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, कारण उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे ढकलतात. घर सोडून साडेएकोणपन्नास तास झाले होते, त्यातले हवेत साडेवीस. उरलेले एकोणतीस तास आम्ही बसलो होतो, नाहीतर रांगेत उभे होतो.

आता एक रांग बाकी होती, तपासणीची. ह्या देशाला बियाणं, फळं, मध, माती ह्यांचं भारी वावडं. चार बाजूंनी समुद्र आणि पोट शेती-दुधावर, तेव्हा बाहेरचा एक किडा आला तरी महागात पडतो. न सांगता काही नेलं तर जागेवर ४०० डॉलर दंड, अशा पाट्या पावलोपावली. मुलीनं आमचा जाहीरनामा ऑनलाइन भरून ठेवला होता. कुरड्या, पापड, चटणी, सगळं त्यात लिहिलं होतं. पाटीवरचं बियांचं चित्र पाहून सौ. थांबली.

‘अहो, आयकता का. चष्म्याच्या घरात अंबाडीचं बी हाये.’

‘काय?’

‘मुठभरच हाये. तिले अंबाडीची भाजी खावाशी वाटते म्हनून.’

चारशे डॉलर म्हणजे आपले वीस हजार. मुठभर अंबाडीचे. मी घाम पुसत ते घर स्वतःच तपासनीस बाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा बाजूला काढला, बी एका पिशवीत भरलं, पापड-कुरड्या उलटसुलट करून परत दिल्या आणि हसून आम्हाला जायला सांगितलं. दंड नाही, कारण आपणहून दाखवलं. सौ.ला त्याचं समाधान नव्हतं. ‘आता थे फेकून देतीन का पेरतीन?’ बाहेर मुलगी दिसेपर्यंत ती हेच विचारत होती. मुलगी दिसल्यावर मग कुणीच काही विचारलं नाही.

गाडीतून आबाजींना फोन लावला. ते जेवत होते.

‘पोचलो, आबाजी. गुरुवार उजाडतोय इथं.’

‘आमचं बुधवारचं जेवनच चालू हाये ना बाप्पा. उद्या काय होते थे सांगून ठेवा मंग.’

पुढचे दोन महिने

ह्यांचं वर्णन थोडक्यात, कारण नातवंडाच्या मागे धावण्यात गेले. जावई दुधाच्या फार्मवर काम करतात. तिथे एका कळपात सरासरी चारशेच्या वर गाई. आपल्याकडे घरटी दोन असल्या तर चार माणसं राबतात, तिथे चारशेंना तीन माणसं. मी रोज सकाळी कुंपणाशी उभा राहून त्या बघायचो. कुठल्याच गाईला नाव नव्हतं, कानात फक्त नंबर. सौ.नं पहिल्या आठवड्यात अकरा गाईंची नावं ठेवली आणि पुढे नाद सोडला.

शेजारी पाजारी सगळे चांगले, पण त्यांच्याशी बोलायला विषय एकच, हवा. वारा तिथे सतत. आठवड्यातून दोनदा मुलगी म्हणे, ‘बाबा, हे तुमचे गरजणारे चाळीस.’ चाळीस अंश दक्षिणेच्या आसपास वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही, म्हणून तो मोकाट सुटतो. पुस्तकात ते नाव गरजणारे चाळीस, पुढे खवळलेले पन्नास आणि किंचाळणारे साठ. ही तीन नावं मी हजारभर पोरांकडून पाठ करून घेतली असतील. परीक्षेत दोन गुणांना यायची.

परतीचा शुक्रवार, शनिवार, रविवार

शुक्रवारी दुपारी तीनला ऑकलंड सोडलं आणि त्याच शुक्रवारी रात्री साडेदहाला दोहात उतरलो. घड्याळाच्या हिशेबानं साडेसात तास. खरे साडेसतरा. अंतर तेच, विमानही त्याच जातीचं, पण जातानापेक्षा दीड तास जास्त, कारण ज्या वाऱ्यानं नेलं तोच आता तोंडावर. दोन गुणांचा प्रश्न मी दीड तास सोडवत बसलो.

त्या प्रवासात दुपार संपेचना. सूर्य तासाला पंधरा रेखांश पश्चिमेला सरकतो आणि ऑस्ट्रेलियावर आमचं विमान त्याच्या मागे सात-आठच्या चालीनं. त्यामुळे तीनची उन्हं अर्ध्या चालीनं उतरत होती. तांबड्या जमिनीवर झाडांशिवाय पडलेल्या लांब सावल्या, आणि त्या लांबायच्या थांबतच नव्हत्या. ह्या वेळी खिडकी सौ.कडे होती. तिनं झाकण उघडंच ठेवलं. कुणी काही म्हणालं तर तिला कळत नव्हतं.

केरळ रात्री आलं. ठिपक्यांची रांगोळी घालावी तसा किनारा उजळलेला. तिथून घरी उडी मारता आली असती तर दीड तास. पण आम्हाला आधी दोहाला जायचं होतं, तिथे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अस्वलाजवळ पडून राहायचं होतं आणि मग परत यायचं होतं. पहिल्यांदा ह्याचं हसू आलं होतं. ह्या वेळी पाठ दुखत होती.

रविवारी पहाटे नागपूर. भाचा आला होता. कोंढाळीला तोच चहा. उजाडता उजाडता तळेगावच्या पुढे तुरीच्या शेंगा भरलेल्या दिसल्या आणि पऱ्हाटीच्या उभ्या काड्या, वेचून रिकाम्या झालेल्या. गावात शिरताना भाच्यानं मीटर पाहून सांगितलं, ‘एकशे चौदा, मामा.’

आबाजी ओट्यावर बसलेच होते. चहा झाला. मी गोल काढायला उठलो, केरळ कुठे दिसलं ते त्यांना सुतावर दाखवायचं होतं. गोल जागेवर होता. नागपूर, दोहा आणि ऑकलंडवर खळीचे तीन पांढरे डाग होते. सूत नव्हतं.

शेजारच्या वहिनी किल्ली परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

‘गुरुजी, वाती सरल्या होत्या. देवाजवय अंधार कसा ठेवाव म्हनून थे सूत काढलं. पिवून वात केली.’

‘सगळं?’

‘हाव. लयच कमी होतं.’

‘किती दिवस पुरलं?’

त्यांनी बोटांवर मोजलं. ‘तीन दिस.’

आबाजींनी बशी खाली ठेवली. ‘जाले बी तेवढेच लागले ना तुमाले?’